पैदाशीच्या माद्यांची वही: कॉनेमारा पोनींच्या लहान पागेसाठी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे परगण्याच्या टोकाला कॉनेमारा नावाचा खडकाळ, दलदलीचा आणि दगडी गडग्यांनी चौकटी पाडलेला मुलूख आहे. तिथल्या लहान शेतकऱ्याच्या दारात पूर्वी बहुधा एकच पोनी असे आणि ती बहुतेक करून घोडीच असे. किनाऱ्यावरचे समुद्रशेवाळ खतासाठी शेतात आणणे, दलदलीतून कापलेले पीट जळणासाठी घरी वाहणे, बाजाराला जाणे ही सगळी कामे तिच्या पाठीवर टोपल्या लादून होत, आणि तिला होणारे शिंगरू विकले की घरात रोख पैसा येई. या जातीचे जतन करण्यासाठी १९२३ साली कॉनेमारा पोनी ब्रीडर्स सोसायटी स्थापन झाली आणि १९२६ साली तिच्या वंशनोंदवहीचा पहिला खंड निघाला. त्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर आहे तो कॅनन बॉल नावाचा १९०४ सालचा घोडा. ऊखतरार्डची शेतकऱ्यांची शर्यत त्याने सलग १६ वर्षे जिंकली असे सांगतात, आणि तो गेला तेव्हा माणसासाठी करावे तसे त्याच्यासाठी रात्रभर जागरण झाले, ही गोष्ट आजही त्या भागात सांगितली जाते. त्याचा बाप डायनामाइट आणि डायनामाइटचा बाप वेल्समधून आणलेला प्रिन्स लुएलिन, हेही सगळ्यांना पाठ असते. डायनामाइटची आई कोण, असे विचारले तर मात्र उत्तर एवढेच येते की ती एक स्थानिक घोडी होती.

पैदाशीच्या माद्यांची अशी वही का ठेवायची, याचे उत्तर या एका वाक्यात आहे असे मला वाटते. पैदाशीचा घोडा एका हंगामात अनेक माद्यांना लागतो, त्याची शिंगरे परगणाभर आणि परदेशी जातात, त्यामुळे त्याची आठवण ठेवणारे पुष्कळ असतात. मादीला वर्षाला एकच शिंगरू होते, मधली काही वर्षे रिकामी जातात, आणि उत्तम आयुष्य लाभलेल्या मादीचीही दहा-बारा शिंगरे झाली तर ती खूप म्हणायची. तिला जवळून ओळखणारी माणसे म्हणजे तिच्या पागेतली दोन-चार माणसे. त्यांनी लिहून ठेवले नाही, तर तिच्याविषयी छापील ओळीपलीकडे काहीही उरत नाही.

मी गॉलवेजवळ राहते आणि गेली काही वर्षे सुटीच्या दिवशी एका वयस्क दांपत्याच्या लहान पागेची कागदपत्रे लावून देते. त्यांच्याकडे एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त माद्या कधीच नव्हत्या, तरी चाळीसएक वर्षांत होऊन गेलेल्या माद्यांची यादी करायला बसलो तेव्हा ती दोघांनाही पहिल्या बैठकीत पूर्ण करता आली नाही. पुढे जे लिहिले आहे ते त्या कामातून हाती आलेले आहे, आणि ज्यांच्याकडे अशी एखादी लहान पागा आहे किंवा आई-वडिलांकडून आली आहे, त्यांना ते उपयोगी पडावे.

आधी माद्यांच्या शाखा लावाव्यात

सुरुवात वर्षांच्या क्रमाने करू नये, आईकडून लेकीकडे जाणाऱ्या क्रमाने करावी. छापील वंशावळीत बाप वर आणि आई खाली लिहिण्याची पद्धत आहे. म्हणून पत्रिकेच्या अगदी तळाशी जी ओळ धावते ती मादी, तिची आई, तिची आजी, पणजी अशी निव्वळ मातृशाखा असते. नोंदवही कितीही मागे जात असली तरी वाचणाऱ्याची नजर वरच्या ओळीवर, म्हणजे घोड्यांच्या नावांवर जाते. आपण एक मोठा कागद घेऊन फक्त ही तळाची ओळ उतरवून काढावी. पागेत बाहेरून विकत आलेली प्रत्येक मादी ही एका शाखेचे मूळ मानावी, आणि तिच्या खाली तिच्या ज्या लेकी पागेत राहिल्या त्या जोडत जावे. विकल्या गेलेल्या लेकीही लिहाव्यात, कारण एखाद्या शाखेतली पागेतली शेवटची मादी गेली असली तरी तिची भाची किंवा नात दुसऱ्या परगण्यात चरत असण्याची शक्यता असते. हा कागद तयार झाला की पंधरा-वीस सुट्या माद्यांच्या जागी तीन-चार घराणी दिसू लागतात, आणि मग आठवणीही आपोआप धाग्याला लागून येतात.

यासाठीचा कच्चा माल एका जागी कधीच नसतो. जन्मनोंदणीचे दाखले, पासपोर्ट (म्हणजे प्रत्येक घोड्याची ओळखपुस्तिका), घोडा लावल्याचे दाखले, पशुवैद्यांची बिले, नालबंदाच्या भेटींच्या तारखा लिहिलेली भिंतीवरची जुनी कॅलेंडरे, प्रदर्शनांच्या पुस्तिका आणि रिबिनी, हे सगळे घरातल्या वेगवेगळ्या खणांत असते. सोसायटीचे प्रदर्शन १९२४ साली राउंडस्टोन येथे सुरू झाले आणि १९४७ पासून ते क्लिफ्डनला भरते. तिथल्या वार्षिक पुस्तिका घरात असतील तर त्या जपून ठेवाव्यात, कारण त्यांत मादीचे नाव, जन्मवर्ष, आई-बाप आणि मालक एकत्र सापडतात, आणि त्या पानाच्या समासात घरच्या कोणी पेन्सिलने काही खरडलेले असेल तर ते छापील मजकुराहूनही मोलाचे असते.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण ती उशिरा कळली तर हळहळ करण्यापलीकडे काही करता येत नाही. घोडा मेल्यावर त्याचा पासपोर्ट देणाऱ्या संस्थेकडे परत पाठवावा लागतो. त्या धावपळीच्या दिवसांत प्रत काढायचे कोणालाही सुचत नाही. म्हणून प्रत्येक जिवंत मादीच्या पासपोर्टाच्या सगळ्या पानांची, विशेषतः खुणांच्या आकृतीच्या पानाची, स्वच्छ प्रत आजच काढून ठेवावी.

छायाचित्रातली मादी कोणती, हे कसे ठरवावे

कॉनेमारा पोनींच्या बाबतीत सर्वांत अवघड काम हेच आहे, आणि त्याचे कारण करडा रंग. करडे पोनी जन्मतः करडे नसतात. शिंगरू काळे, तपकिरी किंवा तांबूस जन्मते आणि वर्षागणिक त्याच्या अंगावर पांढरे केस वाढत जातात. आधी लोखंडी झाक येते, मग ठिपके उमटतात आणि अखेरीस अंग पार पांढरे होते. परिणाम असा की एकाच मादीची तिसऱ्या, आठव्या आणि अठराव्या वर्षीची छायाचित्रे तीन वेगळ्या जनावरांची वाटतात, आणि उलट पागेतल्या सगळ्या म्हाताऱ्या माद्या छायाचित्रांत एकसारख्या दिसतात. कपाळावरचा पांढरा टिळा किंवा पायावरचे पांढरे मोजे ज्या खुणांवरून घोडी ओळखायची, त्या खुणाच पांढऱ्या अंगात बुडून जातात.

आमच्याकडे असे एक छायाचित्र होते: पावसाळी दिवस, गडग्याशी उभी असलेली पांढरी घोडी, मागे तिचे काळपट शिंगरू. पागेच्या मालकांपैकी आजोबांच्या मते ती एक मादी होती आणि आजींच्या मते तिची लेक. दोघेही आपापल्या मतावर ठाम होते आणि दोघांकडेही कारणे होती. छायाचित्र भिंगाखाली धरून पाहिले तेव्हा भिजल्यामुळे घोडीचे केस अंगाला चिकटलेले दिसले आणि नाकपुड्यांच्या मध्ये गुलाबी कातडीचा एक लांबट डाग स्पष्ट दिसला. पांढऱ्या खुणेखालची कातडी गुलाबी असते आणि बाकीच्या अंगाची कातडी काळसर. केसांचा रंग उडाला तरी कातडीचा उडत नाही, आणि पाण्याने भिजलेल्या घोडीवर ही सीमारेषा उघडी पडते. मग आम्ही जुना दाखला काढला. लेकीच्या आकृतीत नाकावर तसा डाग लाल शाईने रेखलेला होता, आईच्या आकृतीत नव्हता. आजी बरोबर होत्या. आजोबांनी ते छायाचित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि मग स्वतःच्या हाताने त्यामागे लेकीचे नाव लिहिले.

दुसरी भरवशाची खूण म्हणजे भोवरे. पासपोर्टच्या आकृतीत पांढऱ्या खुणा लाल रंगाने आणि केसांचे भोवरे काळ्या फुलीने दाखवायची रीत आहे, आणि भोवऱ्याची जागा जन्मापासून मरेपर्यंत बदलत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नवे वाटणार नाही. आपल्याकडे घोडा पारखताना भोवरे पाहण्याची रीत जुनी आहे आणि मानेवरच्या देवमणाला आजही भाव आहे. आयर्लंडमध्ये त्यात शुभाशुभ पाहत नाहीत, ओळख पाहतात. कपाळावर एक भोवरा की दोन, तो डोळ्यांच्या रेषेच्या वर की खाली, मानेच्या कोणत्या बाजूला किती, एवढे जुळले तर बहुतेक वाद मिटतात. म्हणून आज पागेत असलेल्या प्रत्येक मादीची समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून अशी छायाचित्रे काढावीत, तिच्या कपाळाचे एक जवळून काढावे, आणि एक छायाचित्र तिला आंघोळ घातल्यावर ओल्या अंगाने काढावे. छायाचित्रामागे मऊ पेन्सिलने नाव, जन्मवर्ष आणि छायाचित्राचे वर्ष लिहावे; बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

रंगाचा एक नियम नोंदी तपासायलाही कामी येतो. करडा रंग प्रभावी जनुकामुळे येतो, त्यामुळे करड्या शिंगराच्या आई-बापांपैकी निदान एक तरी करडा असलाच पाहिजे. दोघेही करडे नसताना शिंगरू पुढे करडे झालेले दिसले, तर नोंदीत कुठेतरी नाव चुकले आहे असे धरून शोध घ्यावा. तारखांचेही तसेच आहे. घोडीचा गाभण काळ सरासरी ३४० दिवसांचा, म्हणजे अकरा महिन्यांच्या आसपास असतो आणि निरोगी शिंगरू साधारण ३२० ते ३६५ दिवसांत जन्मते. घोडा लावल्याची तारीख आणि शिंगराची जन्मतारीख यांतले अंतर या पट्ट्याच्या फार बाहेर गेले, तर दोहोंपैकी एक तारीख आठवणीतून लिहिलेली असण्याची शक्यता जास्त.

माणसांकडून आठवणी कशा घ्याव्यात

कागद संपतो तिथे माणसे सुरू होतात, आणि माणसे वयाने मोठी असतात, म्हणून हे काम पुढे ढकलू नये. टेबलाशी बसून "त्या घोडीविषयी काही सांगा" असे म्हटले तर "फार गुणी होती" याहून जास्त काही मिळत नाही. प्रश्न घटनेचा विचारावा. ती पहिल्यांदा आली तेव्हा तिला गाडीतून कोणी उतरवले, ती व्यायची तेव्हा रात्रीची व्यायची की पहाटे, कोणी जवळ असलेले तिला चालायचे का, दूध सोडवताना शिंगराला हाका मारत किती दिवस फाटकाशी उभी राहायची, पकडायला गेले की कोणत्या कोपऱ्यात पळायची. शक्य झाले तर हे बोलणे शेतातच करावे. ज्या फाटकाशी ती उभी राहायची त्या फाटकाशी माणूस गेला की त्याच्या हातालाही आठवते, आणि अशा वेळी ते बोलणे फोनमध्ये ध्वनिमुद्रित करून घ्यावे, कारण लिहीत बसले की समोरचा माणूस आपल्या लिहिण्याच्या वेगाने बोलू लागतो आणि गोष्ट कोमेजते.

सांगणाऱ्याचे नाव आणि दिवस प्रत्येक आठवणीखाली लिहावा. दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवाव्यात. आपल्याला पटली ती ठेवून दुसरी गाळण्याचा अधिकार वही लिहिणाऱ्याला नाही. नालबंद आणि पशुवैद्य यांनाही जरूर विचारावे. मालकाला घोडीचा चेहरा आठवतो, नालबंदाला तिचे खूर आठवतात.

मादीच्या पानावर काय असावे

प्रत्येक मादीला निदान चार पाने द्यावीत. पहिल्या पानावर नोंदणीचे नाव, क्रमांक, घरातले हाकेचे नाव, जन्मतारीख, रंग, उंची, आई-बाप, ती कोठून आणि कधी आली हे असावे. कॉनेमारा पोनीची उंची १२८ ते १४८ सेंटिमीटर धरतात. पण जुन्या कागदांत ती 'हँड' या मापात असते, आणि एक हँड म्हणजे चार इंच, तेव्हा दोन्ही मापे लिहावीत. घरातल्या नावाला कमी लेखू नये. नोंदवहीतले नाव सोसायटीला ठाऊक असते, हाकेच्या नावाने घोडी जवळ येत होती.

दुसऱ्या पानावर तिची शिंगरे यावीत: बाप, जन्माची तारीख आणि वेळ, नर की मादी, जन्माचा रंग आणि पुढे झालेला रंग, ते कोठे गेले. रिकामी गेलेली वर्षे, गर्भ पडलेली वर्षे आणि जगले नाही ते शिंगरूही याच पानावर त्याच अक्षरात लिहावे. व्याल्यावर वार किती वेळात पडली हे लिहावे, कारण ती तीन तासांत पडली नाही तर पशुवैद्यांना बोलवायचे असते, आणि आईला ही अडचण आली असेल तर लेकीच्या वेळी माणूस अधिक सावध राहतो. पहिल्या दुधाला, म्हणजे चिकाला, कशी होती, शिंगराला उभे राहून प्यायला किती वेळ लागला, पहिलटकरीण असताना तिने शिंगराला जवळ येऊ दिले का, हे सगळे तिच्या आईपणाचे वर्णन आहे, आणि पैदाशीच्या मादीविषयी याहून महत्त्वाचे काही लिहिता येत नाही.

तिसरे पान उणिवांचे. इथे बहुतेकांचा हात अडखळतो आणि माझाही अडखळला होता, कारण गेलेल्या जिवाबद्दल वावगे लिहू नये असे आपल्या मनात पक्के असते. तरीही मी आग्रहाने सांगेन की हे पान कोरे ठेवू नये. कॉनेमारा पोनींत खुराची भिंत थर सुटून फुटत जाण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. त्यात भिंत वजन पेलत नाही आणि पोनीला तळव्यावर चालावे लागते. त्याला कारण असलेला जनुकातला दोष २०१५ साली निश्चित झाला आणि तेव्हापासून त्याची चाचणी करता येते. हा दोष अप्रभावी आहे: आई आणि बाप दोघांकडून आला तरच रोग होतो, एकाकडूनच आला तर पोनी धडधाकट राहून तो फक्त पुढे नेतो, आणि असे दोन वाहक जुळले तर प्रत्येक वेळी चारांत एक शक्यता रोगी शिंगराची असते. चाचणी येण्याआधी गेलेल्या माद्यांची तपासणी झालेली नसते, पण त्यांच्या लेकींवरून मागे जाता येते. लेक वाहक निघाली आणि तिचा बाप तपासणीत निर्दोष असेल, तर दोष आईकडूनच आला. "हिच्या एका शिंगराचे खूर लहानपणीच फुटत होते, कारण कळले नाही" अशी एक प्रामाणिक ओळ कोणी १९८० च्या दशकात लिहून ठेवली असेल, तर आज तिच्या पणतीसाठी घोडा निवडताना ती ओळ उपयोगी पडते.

हिरव्यागार कुरणावर सुटलेल्या पोनींना होणारा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या पडद्यांचा दाह, वाकडा चावा, चिडका स्वभाव, लवकर आटणारे दूध, हेही तिथेच यावे. मृत्यूची नोंद सरळ शब्दांत करावी: तारीख, वय, कारण, आणि पशुवैद्यांकडून शांतपणे झोपवले असेल तर तसे.

चौथे पान आठवणींसाठी मोकळे सोडावे.

केस, दावे आणि नाल

घोडी गेल्यावर शेपटीच्या केसांची वेणी कापून ठेवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे आणि ती सुंदर आहे. मात्र जनुकीय तपासणीला केसाचे मूळ लागते, कापलेल्या केसाला ते नसते. म्हणून घोडी जिवंत असतानाच आयाळीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून, कोरडे असल्याची खात्री करून, कागदी पाकिटात घालावेत आणि पाकिटावर नाव व तारीख लिहावी. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहून मुळे खराब होतात. हे पाकीट वहीच्या मागच्या कप्प्यात, उन्हापासून दूर ठेवावे.

नालेबाबत एवढेच की पैदाशीच्या पुष्कळ माद्या वर्षानुवर्षे नालेशिवायच चरतात, तेव्हा प्रत्येकीची नाल असेलच असे नाही. नसेल तर दुसरीची नाल तिच्या नावाने भिंतीवर लावू नये. तिचे दावे, गळ्यातले दोर, तिने दातांनी कुरतडलेली गोठ्याच्या दाराची फळी, जे खरोखर तिचे आहे तेच ठेवावे. गेलेल्या मादीचे नाव नव्या शिंगराला पुन्हा देण्याचा मोहही टाळावा, कारण पन्नास वर्षांनी वही वाचणाऱ्याला एका नावाच्या दोन माद्या वेगळ्या करता येणार नाहीत. त्याऐवजी एका शाखेतल्या सगळ्या लेकींची नावे एकाच अक्षराने सुरू करावीत, म्हणजे नाव ऐकताच आजी कोण ते कळते.

वही चालू कशी ठेवावी

वर्षातून एक दिवस ठरवून ठेवावा. आमच्याकडे तो जूनच्या अखेरीस असतो, कारण तोवर बहुतेक व्यालेल्या असतात आणि रात्री दहा वाजेपर्यंत खिडकीतून उजेड येतो. चहा होतो, आजोबा वही उघडतात, मी त्या वर्षीच्या जन्मनोंदी वाचून दाखवते, आणि आजी ज्या वर्षी जी गेली असेल तिच्या पानावरची शेवटची तारीख स्वतः लिहितात. प्रत्येक शाखेच्या शेवटी आम्ही आठ पाने कोरी सोडली आहेत. त्या पागेतल्या सर्वांत जुन्या शाखेची तिथे आता एकच मादी उरली आहे, एकोणीस वर्षांची, यंदा गाभण राहिलेली; तिच्या पुढच्या पानावर आजींनी पेन्सिलने फक्त शाखेचे अक्षर लिहून ठेवले आहे.